नंबर, नाव आणि ओळख : एक्सचेंजच्या बोर्डापासून कॉल सेंटरच्या पडद्यापर्यंत



कडेगावात बोलायला उभे राहिलो की समोरची मंडळी आम्हाला ज्ञानेश्वरी नाही तर गीता विचारतात. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, तेव्हा ते साहजिक आहे. पण आज आम्ही मुद्दाम वेगळा विषय निवडला आहे. विषय आहे टेलिफोनचा. त्यातही, आपण एखाद्या बँकेला, गॅसवाल्यांना किंवा १०८ला फोन लावतो तेव्हा पलीकडे बसलेल्या मुलीच्या टेबलावर काय घडते, त्याचा. तिच्यासमोर एक पडदा असतो. फोन वाजतो त्याच क्षणी त्या पडद्यावर आपले नाव, गाव, मागच्या तक्रारी असे सगळे उमटते. फोन आणि संगणक यांची ही जी सांगड घातलेली आहे, तिला त्या धंद्यात ‘कॉम्प्युटर टेलिफोनी इंटिग्रेशन’ म्हणतात. थोडक्यात सीटीआय. आपण मराठीत ‘फोन-संगणक जोडणी’ म्हणू आणि पुढे जाऊ.

यात तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलण्यासारखे काय आहे? आहे. प्रश्न असा की, पलीकडचा माणूस आपल्याला ‘ओळखतो’ म्हणजे नक्की काय करतो? आणि या प्रश्नाला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आधी पाहू.

ग्रॅहम बेलचे टेलिफोनचे पेटंट १८७६चे. १८७८च्या जानेवारीत अमेरिकेत न्यू हेवन इथे पहिले व्यापारी एक्सचेंज उघडले. आपल्याकडे फार उशीर झाला नाही. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे एक्सचेंजे सुरू झाली. तेव्हाचे एक्सचेंज म्हणजे काय, हे तरुण मंडळींना सांगायला हवे. एक मोठा लाकडी बोर्ड. त्यावर प्रत्येक ग्राहकाचे एक भोक, आणि भोकाच्या वर नंबर लिहिलेली एक छोटी झडप. तुम्ही घरी फोनचा दांडा फिरवला की तारेतून वीज जायची आणि बोर्डावर तुमच्या नंबराची झडप खट्‌कन खाली पडायची. ऑपरेटर त्या भोकात दोरीची पिन खोचायचा, ‘नंबर प्लीज’ म्हणायचा, आणि दोरीचे दुसरे टोक तुम्हाला हव्या त्या नंबरात घालायचा.

आता ती पडणारी झडप ध्यानात ठेवा. फोन कोणाकडून आला, हे बोलण्याच्या आधी ऑपरेटरला कळायचे. आजच्या कॉल सेंटरच्या पडद्यावर जे घडते, त्याचे मूळ त्या झडपेत आहे. फरक एवढाच की झडप फक्त नंबर सांगायची. त्या नंबराचा माणूस कोण, त्याच्या घरी कोण आजारी आहे, तो या वेळी दुकानात असतो की मळ्यात, हे सगळे ऑपरेटरच्या डोक्यात असायचे.

आमच्या पिढीने याचा शेवटचा काळ पाहिला. ट्रंक कॉलचा. त्यात ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ असे दर होते. आणि एक सोय होती, तिला ‘पीपी कॉल’ म्हणत. पीपी म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. नुसता नंबर लावून द्यायचा नाही. त्या नंबरावर अमुक माणूस आला तरच जोडायचे, आणि बोलण्याचे पैसे तिथून धरायचे. माणूस भेटला नाही तर थोडीशी फी जायची, एवढेच. आपल्या या भागाला पीपी कॉलचे महत्त्व फार. विटा, खानापूर, आटपाडी आणि आपला कडेगावचा परिसर, इथली कितीतरी घरे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. बाकीचे मुंबईला गिरणीत. गावात फोन म्हटला तर पोस्टात, सोसायटीत नाही तर एखाद्या अडत दुकानात. मग दूर कुठल्या परमुलखातून पीपी कॉल यायचा, आणि कोणीतरी पळत जाऊन वस्तीवरून म्हातारीला घेऊन यायचे. नंबर दुकानाचा होता, फोन म्हातारीचा होता. नंबर आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळच्या व्यवस्थेला पक्के ठाऊक होते. आजच्या भाषणात आम्हाला जे सांगायचे आहे, त्याचे बीज इथे आहे.

पण जुने ते सोने, असे म्हणायला आम्ही उभे राहिलेलो नाही, बरं का. ओळखणारा ऑपरेटर ऐकूही शकत होता. कोणाची लाइन आधी जोडायची आणि कोणाला तिष्ठत ठेवायचे, हे त्याच्या हातात होते. पाटलाचा फोन लगेच लागायचा, कुळाचा लागायला संध्याकाळ व्हायची. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ होता. अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा त्याचा धंदा. असे सांगतात की, एक्सचेंजमधली ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला. त्या रागातून त्याने ऑपरेटरच नको असे एक्सचेंज शोधून काढले. १८९१ला त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ला इंडियानातल्या ला पोर्ट इथे ते चालूही झाले. दंतकथेचा भाग सोडून द्या. मुद्दा खरा आहे. यंत्र पक्षपात करत नाही, यंत्र कान देत नाही. म्हणून माणसाच्या जागी यंत्र आले.

आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला सिमल्यात स्वयंचलित एक्सचेंज आले. १९६०ला कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये एसटीडी सुरू झाली, म्हणजे परगावचा फोनही ग्राहकाने स्वतः फिरवायचा. खेड्यापर्यंत हे पोचायला मात्र १९८०चे दशक उजाडावे लागले. १९८४ला ‘सी-डॉट’ ही सरकारी संस्था निघाली. तिने १२८ लाइनींचे एक छोटे ग्रामीण एक्सचेंज तयार केले. ते आपल्या उन्हाळ्यात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालायचे. १९८६ला कर्नाटकात कित्तूर इथे पहिले बसले आणि मग गावोगाव पसरले. त्याच्या पाठोपाठ पिवळे एसटीडी बूथ आले. म्हातारीला बोलवायला पळत जाणारा माणूस गेला, ‘नंबर प्लीज’ गेले, आणि त्याचबरोबर बोर्डावर बसून आपल्याला ओळखणारा माणूसही गेला. आपण मोकळे झालो आणि अनोळखी झालो. दोन्ही एकाच वेळी.

आता गोष्टीचा दुसरा भाग. सामान्य माणसाचा फोन थेट लागू लागला, पण मोठ्या संस्थांची पंचाईत झाली. विमान कंपनीला आरक्षणासाठी एका वेळी दोनशे लोक फोन करतात आणि उत्तर द्यायला पन्नास माणसे बसलेली आहेत. कोणाचा फोन कोणी घ्यायचा? १९७३च्या सुमारास अमेरिकेत कॉन्टिनेन्टल एअरलाइन्ससाठी रॉकवेल कंपनीने एक यंत्र बसवले. आलेले फोन रांगेत उभे करायचे आणि जो सर्वांत जास्त वेळ मोकळा बसला आहे त्याला पुढचा द्यायचा, असे त्याचे काम. आपण रेशनच्या दुकानात रांग लावतो तीच पद्धत, फक्त रांग डोळ्यांना दिसत नाही. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असे जे आपल्याला पुनःपुन्हा ऐकवतात, ते या रांगेत उभे असतानाचे.

रांग न्यायाची झाली. पण रांगेच्या टोकाला बसलेला माणूस आंधळा होता. त्याच्या टेबलावर दोन वस्तू. डाव्या हाताला फोन, उजव्या हाताला संगणक. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फोनला माहीत असायचे की हाक कोणत्या नंबरावरून आली, पण त्या नंबराचा ग्राहक कोण हे माहीत नाही. संगणकाला सगळ्या ग्राहकांची कुंडली माहीत, पण या घटकेला फोनवर त्यांपैकी कोण आहे हे माहीत नाही. मधे बसलेला माणूस हाच पूल. म्हणून पहिला प्रश्न, ‘आपला ग्राहक क्रमांक सांगा.’ आपण चष्मा शोधणार, पावती शोधणार, क्रमांक सांगणार, तो टाइप करणार, एखादा आकडा चुकणार, पुन्हा पहिल्यापासून. आणि त्याने ‘हे काम दुसऱ्या विभागाचे’ म्हणून फोन पुढे दिला, की पुढचा माणूस परत विचारणार, ‘आपला ग्राहक क्रमांक सांगा.’

कडेगावकरांना आम्ही ताबुतांच्या भेटी काय असतात ते सांगायला नको. दोन गगनचुंबी ताबूत आपापल्या वाटेने येतात आणि एका जागी त्यांची भेट होते. ती बघायला माणूस लांबून येतो. आम्हाला ही जोडणी तशीच दिसते. टेलिफोन एका वाटेने शंभर वर्षे चालत आला, संगणक दुसऱ्या वाटेने, आणि दोघांची भेट कॉल सेंटरमधल्या त्या टेबलावर झाली.

ही भेट घडवायला दोघांना समजेल अशी भाषा लागते. एक्सचेंज बनवणारे वेगळे, संगणक बनवणारे वेगळे, प्रत्येकाची बोली वेगळी. १९९२ला युरोपातल्या संगणक उत्पादकांच्या ‘एक्मा’ या संघटनेने ‘सीएसटीए’ नावाचे एक मानक प्रसिद्ध केले. १९९३ला मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी ‘टॅपी’ नावाचे आपले मानक आणले, आणि नोव्हेल आणि एटी अँड टी यांनी ‘टीसॅपी’. नावे विसरलात तरी चालेल. या मानकांनी काय केले ते लक्षात घ्या. एक्सचेंजमध्ये जे जे घडते त्याची बातमी संगणकाला कळवायची रीत ठरवली. ‘अमुक टेबलावर घंटी वाजते आहे.’ ‘हाक या नंबरावरून आली.’ ‘फोन उचलला.’ ‘फोन ठेवला.’ आणि उलट दिशेनेही. संगणकाने एक्सचेंजला सांगायचे, ‘हा नंबर लाव’, ‘हा फोन थांबवून ठेव’, ‘हा त्या टेबलाला दे’.

जोडणीचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे एका टेबलावरचा फोन त्याच टेबलावरच्या संगणकाला जोडायचा. हे छोट्या कचेरीला पुरते. दुसरा म्हणजे मधे एक सर्व्हर बसवायचा. तो एक्सचेंजशी एकटा बोलतो आणि सगळ्या टेबलांचा हिशोब ठेवतो. कुणाकडे कुणाचा फोन चालू आहे, कोण मोकळे आहे, हे त्याला एका ठिकाणी दिसते. मोठी कॉल सेंटरे यावर चालतात.

आता एक फोन धरून चालू. तुम्ही नंबर लावलात. यंत्राचा आवाज आला, ‘मराठीसाठी दोन दाबा.’ तुम्ही दोन दाबलेत. त्या बटणाच्या सुरावरून यंत्राने ओळखले की मराठी बोलणारा माणूस हवा. तुमचा नंबर सर्व्हरकडे गेला, त्याने तो ग्राहकांच्या यादीत शोधला. तेवढ्यात मराठी बोलणारी एक मुलगी मोकळी झाली. तिच्या कानात घंटी आणि पडद्यावर तुमची नोंद, दोन्ही एका क्षणी. याला ‘स्क्रीन पॉप’ म्हणतात. तिला फोन उचलायला हात लावावा लागत नाही, पडद्यावरचे बटण पुरते. तुमचे काम दुसऱ्या विभागाचे निघाले, तर ती फोनबरोबर तुमची नोंदही पुढे पाठवते. जुन्या कचेरीत माणसाच्या मागोमाग शिपाई फाइल घेऊन जायचा, तसेच. बोलणे संपले की ती काय झाले त्याचा एक शेरा लिहिते आणि पुढच्या फोनसाठी ‘तयार’ असे बटण दाबते. एकेका फोनमागे अर्धा-पाऊण मिनिट वाचले तरी दिवसाच्या शेवटी रांग किती आखूड होते, हा हिशोब कुणालाही करता येईल.

आणि जाता जाता सांगतो. कधी कधी परक्या नंबराचा फोन येतो, आपण ‘हॅलो’ म्हणतो आणि दोन क्षण पलीकडे काहीच नसते, मग कोणी बोलू लागते. तीही हीच जोडणी, उलटी चालवलेली. संगणक स्वतः एका वेळी अनेक नंबर लावत असतो, आणि जो उचलेल त्याला मोकळा माणूस शोधून देतो. त्या शोधायला जो वेळ लागतो, ती शांतता.

भारतात हा धंदा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वाढला. ब्रिटिश एअरवेजचे काम करण्यासाठी १९९६ला मुंबईत निघालेली ‘डब्ल्यूएनएस’ ही त्यातली एक आरंभीची कंपनी. पाठोपाठ पुणे आले. आपल्या सांगली-साताऱ्याकडची पदवीधर मुले-मुली पुण्याला जाऊन हेडफोन लावून बसू लागली. आमच्या एका विद्यार्थ्याची मुलगी त्यांपैकी एक. तिने आम्हाला एकदा तिचे टेबल समजावून सांगितले. ती म्हणाली, “सर, पूर्वी एका फोनसाठी पाच-पाच खिडक्या उघडाव्या लागायच्या. समोरचा माणूस रागवायचा, मी घाबरायची, आणि घाबरून आणखी चुकायची. आता नाव समोर आलं की निम्मं भांडण तिथंच मिटतं.” हा जोडणीचा खरा फायदा आहे. नुसता मालकाचा नव्हे, टेबलावर बसलेल्या पोरीचाही.

मग तिने दुसरी बाजू सांगितली. जो सर्व्हर तिला तुमची नोंद दाखवतो, तोच तिची नोंद वरिष्ठाला दाखवतो. ती किती वेळ बोलली, किती वेळ ‘तयार’ होती, किती वेळ ‘तयार नाही’ होती, सगळे सेकंदात. पाणी प्यायला उठली तरी ‘तयार नाही’. वरिष्ठ तिचे बोलणे ऐकू शकतो, ग्राहकाला कळू न देता तिच्या कानात सूचना देऊ शकतो. ती म्हणाली, “म्हातारं माणूस सावकाश बोलायला लागलं की सर, मला त्याचं ऐकू यायच्या आधी घड्याळ दिसतं.” हे वाक्य आम्ही विसरलो नाही. म्हातारे माणूस म्हणजे आम्हीच, मित्रहो.

ही जोडणी केवळ व्यापाऱ्यांची राहिली नाही. २१ जानेवारी २००४ला किसान कॉल सेंटर सुरू झाले. १८००-१८०-१५५१ या नंबरावर शेतकरी आपल्या भाषेत विचारतो, ‘द्राक्षावर डाऊनी दिसतोय, काय मारू?’ पलीकडे शेतीचा पदवीधर असतो. त्याला उत्तर येत नसेल तर तो तज्ज्ञाला त्याच फोनवर जोडून घेतो, आणि प्रश्नाची नोंद संगणकावर राहते. २००५ला हैदराबादेत सुरू झालेली १०८ची रुग्णवाहिका सेवा २०१४ला महाराष्ट्रात आली. तेव्हा तिच्या ९३७ रुग्णवाहिका होत्या, आणि पुण्यात औंधला नियंत्रण कक्ष. तिथल्या पडद्यावर नकाशा असतो, त्यावर गाड्या फिरताना दिसतात, आणि फोन घेणारा सर्वांत जवळची गाडी पाठवतो. २०२१ला पोलिसांची ११२ सेवा या पद्धतीने महाराष्ट्रभर सुरू झाली. तिची केंद्रे नवी मुंबई आणि नागपूर इथे. नवी मुंबईत घेतलेल्या फोनची नोंद जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून पोलिसांच्या गाडीतल्या पडद्यावर जाते.

इथे गोष्ट जिवावर येते. समजा, सागरेश्वरच्या बाजूने ताकारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री अपघात झाला. तुम्ही फोन लावलात. पलीकडचा माणूस शेकडो किलोमीटरवर बसलेला. त्याने आयुष्यात देवराष्ट्रे पाहिलेले नाही, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून नाव ऐकले असेल तेवढेच. त्याच्या पडद्यावर मोबाइलच्या टॉवरवरून एक अंदाजी ठिकाण येते. शहरात टॉवर जवळजवळ असतात, अंदाज बरा जमतो. डोंगराकडेला टॉवर विरळ, तिथे तो अंदाज कित्येक किलोमीटर चुकू शकतो. म्हणून शिकवलेला माणूस पडद्यावर ठिकाण दिसत असूनही विचारतो, ‘तुम्ही नेमके कुठे आहात? जवळ काय आहे? देऊळ, शाळा, कालवा?’ आपण चिडतो. ‘अहो, तुम्हाला दिसत नाही का?’ त्याला दिसते. तरी तो विचारतो, आणि तो विचारतो म्हणूनच गाडी योग्य वळणावर वळते.

आता आमच्या शास्त्राकडे येतो, फार वेळ घेणार नाही. भारतीय दर्शनांत ‘प्रत्यभिज्ञा’ नावाची एक गोष्ट आहे. साध्या मराठीत ओळख पटणे. तिचे जुने उदाहरण ‘तोच हा देवदत्त’. यात दोन भाग आहेत. ‘हा’ म्हणजे आत्ता समोर दिसणारा, ते प्रत्यक्ष. ‘तो’ म्हणजे पूर्वी पाहिलेला, ती स्मृती. दोन्हींची सांगड बसली की ओळख. फोन-संगणक जोडणी हुबेहूब हेच करते. फोनवरचा आवाज हे प्रत्यक्ष, पडद्यावरची नोंद ही स्मृती.

पण इथे नैयायिक मंडळी हात वर करतात. शरीर हाच आत्मा म्हणणाऱ्या चार्वाकाला उत्तर देताना ते एक मुद्दा काढतात. एकाने अनुभवलेले दुसऱ्याला आठवत नाही. तुम्ही पाहिलेला देवदत्त आम्हाला आठवणार नाही, तो तुम्हालाच आठवेल. मग पडद्यापुढे बसलेल्या त्या मुलीला जे दिसते ते काय? मागच्या महिन्यात दुसऱ्याच कोणी तुमच्याशी बोलून लिहिलेले. ते तिला आठवत नाही, ती ते वाचते. म्हणजे ती स्मृती नव्हे, नोंद आहे. एक्सचेंजच्या बोर्डावरच्या माणसाकडे स्मृती होती. यंत्राने ती घालवली, आणि या जोडणीने तिच्या जागी नोंद आणून बसवली. नोंदीचे गुण मोठे आहेत. ती म्हातारी होत नाही, पाटील आणि कूळ असा भेद करत नाही, शंभर टेबलांवर एकसारखी दिसते. पण नोंद चुकली तर तिला ते कळत नाही. स्मृतीला आवाज ऐकून शंका येते. नोंदीला शंका येत नाही. शंका घेण्याचे काम माणसानेच करायचे असते.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या बंधूंच्या नावावर एक खाते होते, आणि त्याला नंबर जोडलेला होता तो घरातला. बंधू गेले. त्यानंतर काही महिन्यांनी काही कामासाठी आम्ही त्या संस्थेच्या कॉल सेंटरला फोन लावला. संस्थेचे नाव सांगत नाही, तसे कुठेही घडू शकते. पलीकडून गोड आवाज आला. बंधूंचे पूर्ण नाव घेऊन, ‘नमस्कार सर, कसे आहात आपण?’ मित्रहो, सत्तरी ओलांडलेला माणूस, तत्त्वज्ञान शिकवलेला, आम्हाला दोन मिनिटे बोलता येईना. मग सांगितले की ते वारले. ती मुलगी बिचारी गोंधळली, ‘सॉरी सर’ म्हणाली. महिन्याने पुन्हा फोन. पुन्हा तेच नाव, तीच चौकशी. घरात वहिनी बसलेल्या. स्पीकर चालू होता.

तिसऱ्या वेळी जिने फोन घेतला तिने नाव घेतले नाही. ती म्हणाली, “नमस्कार, मी कोणाशी बोलते आहे?” आम्ही नाव सांगितले. ती थांबली आणि म्हणाली, “काका, मागच्या वेळी इथं शेरा लिहिलेला आहे. तो वाचून विचारलं. खात्याचं नाव बदलायला कोणते कागद लागतात ते सांगू का?” तिने कागद सांगितले, सावकाश, दोनदा. आम्ही लिहून घेतले. काम झाले.

तिन्ही वेळा यंत्र तेच होते. पडद्यावर नावही तेच. दुसऱ्या मुलीपुढेही शेरा असेलच, पण तिने बहुधा वरचे ठळक नाव वाचले आणि हाक मारली. तिसरीने आधी विचारले. कदाचित पहिलीने शेरा लिहिताना घड्याळाकडे दुर्लक्ष केले होते, म्हणून तो तिसरीच्या उपयोगी पडला. आम्ही त्या पहिल्या मुलीचेही मनातल्या मनात आभार मानले.

यावरून आमचे म्हणणे एवढेच. पडद्यावर नाव उमटते तेव्हा ओळख पटलेली नसते, ओळखीला सुरुवात झालेली असते. नंबर म्हणजे माणूस नव्हे, हे पीपी कॉलला कळत होते. आपल्याकडे एक फोन अख्खे घर वापरते. मुलाच्या नावाचा नंबर आईच्या हातात असतो, पुण्याच्या पत्त्याचा नंबर कडेपूरच्या रानात वाजतो. नंबरावरून माणूस ठरवणारे यंत्र आपल्या देशात रोज चुकणार, आणि ‘मी कोणाशी बोलते आहे?’ हा एक प्रश्न ती चूक रोज सावरणार.

तेव्हा ज्यांच्या हातात या व्यवस्था आहेत त्यांना सांगायचे ते हे. शेरा लिहायला जागा द्या, आणि लिहायला वेळही द्या. त्या अर्ध्या मिनिटाला ‘तयार नाही’ म्हणून दंड करू नका. तेवढ्या वेळातच नोंदीची थोडीफार स्मृती होते. दुसरे, ही नोंद आपली आहे, तेव्हा ती दुरुस्त करून मागायला लाजू नका. २०२३ला संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, त्यात चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क मानलेला आहे. बेचाळीसच्या चळवळीत या साताऱ्याच्या मुलखात लोकांनी तारा तोडल्या, कारण तार ही परक्या सरकारची होती. आज तार आपली आहे. ती तोडायची नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचे.

आणि तिसरे आपल्या स्वतःसाठी. पलीकडच्या मुलीने नाव-गाव पुन्हा विचारले तर चिडू नका. ती आपली परीक्षा घेत नाही. तिच्यापुढे सगळे असूनही ती आपल्यालाच विचारते आहे. १०८ला फोन लावाल तेव्हा आधी गाव सांगा, मग रस्ता, मग जवळची खूण, आणि ती ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

आमच्या वहिनी आता त्या संस्थेचा फोन आला की स्वतः घेतात. पहिल्यांदा आपले नाव सांगतात, मग पलीकडच्या पोरीचे विचारतात. ती सांगते.